‘बोलणे’ कोठे, ‘सांगणे’ कोठे आणि ‘म्हणणे’ कोठे

बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या परिचयाच्या एका घरात बैलहोंगलकडची कन्नड भाषक मुलगी सून म्हणून आली. मुलगी हुशार होती आणि चार-सहा महिन्यांत ती मराठी बोलू लागली. मात्र ती मराठी तिने अर्धी सासरच्या माणसांकडून आणि अर्धी हिंदी मालिकांच्या वळणावर उचलली होती. एके दिवशी नवरा कामावरून परतला तेव्हा ही नुकतीच बाहेरून येऊन पायांतल्या चपला काढत होती. ‘‘एवढ्या उन्हात एकटीच कुठे गेली होतीस?’’ असे त्याने विचारल्यावर तिने सरळ उत्तर दिले, ‘‘आई मला बोलल्या.’’ नवऱ्याने त्याचा अर्थ असा घेतला, की आईने हिला काहीतरी लागेल असे सुनावले आणि त्या रागात ही घराबाहेर पडली. तो तसाच स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, ‘‘आई, तू तिला काय बोललीस?’’ कणकेने भरलेले हात परातीत तसेच ठेवून आई म्हणाली, ‘‘मी कशाला बोलू तिला? गणपत गल्लीतून वाती आणि कापूर आणायला सांगितलं, एवढंच.’’ आवाज चढत चालले, तेव्हा ज्यांचे सगळे शिक्षण कन्नडमधून झाले होते त्या सासऱ्यांनी सुनेला दोनच शब्दांत विचारले, ‘‘हेळिदरो, बैदरो?’’ म्हणजे सांगितले, की रागावल्या? ‘‘हेळिदरु,’’ सून म्हणाली, आणि प्रकरण तेथेच मिटले.

सुनेचे व्याकरण चुकले नव्हते. ‘आई मला बोलल्या’ हे वाक्य मराठीत पूर्णपणे शुद्ध आहे. फक्त त्याचा अर्थ तिला हवा होता तो नव्हे. ‘बोलणे’ हा शब्द इतका रोजचा आहे, की त्याच्याकडे कोणी थांबून पाहत नाही, आणि म्हणूनच लिहिताना तो सर्वांत जास्त फसवतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत अशी कितीतरी माणसे वाढली, ज्यांच्या घरात मराठी असते, शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची असते आणि बाजारात दोन्ही-तिन्ही भाषा चालतात. अशा माणसाला मंडळाचे इतिवृत्त, एखादा अर्ज, लग्नाचे पत्र किंवा छोटी बातमी मराठीत लिहायची वेळ आली, तर ‘बोलणे’, ‘सांगणे’ आणि ‘म्हणणे’ यांपैकी कोणते क्रियापद घ्यावे आणि भूतकाळात त्याचे रूप कसे करावे, या दोन ठिकाणी लेखणी अडते. पुढील मजकूर त्यांच्यासाठी आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सीमाभागातील माणसाजवळ आयते असते, असे माझे मत आहे, आणि ते उत्तर कन्नडमध्ये आहे. मनातल्या मनात तेच वाक्य कन्नडमध्ये म्हणून पाहावे. तेथे ‘माताडु’ आले, तर मराठीत बहुधा ‘बोलणे’ लागते. ‘हेळु’ आले, तर ‘सांगणे’. ‘अन्नु’ आले, तर ‘म्हणणे’. आणि ‘बय्यु’ आले, तर ‘रागावणे’ किंवा ‘एखाद्याला बोलणे’. हिंदीच्या शेजारी राहणाऱ्या मुंबईकराला ही सोय नाही. ‘उसने बोला’ सतत कानांवर पडल्यामुळे त्याच्या बोलण्यात ‘तो म्हणाला’ मागे पडून ‘तो बोलला’ पुढे आले आहे आणि ‘मला बोलला, उद्या ये’ असे वाक्य तेथे कोणालाही खटकत नाही. मुंबईच्या बोलीला ते शोभत असेल, तिच्याशी माझे भांडण नाही. पण आपल्याकडे ‘मला बोलला’ म्हटले, की ऐकणारा आधी ‘का रे, काय केलंस?’ असे विचारतो. हा भेद आपल्या बोलीने अजून राखला आहे आणि त्यामागे कन्नडचा शेजार असावा, असे मला वाटते.

ही कन्नड चाचणी एका ठिकाणी मात्र दगा देते. कन्नडमध्ये गाणे, श्लोक, पाढे यांनाही ‘हेळु’ चालते. ‘हाडु हेळु’ म्हणजे गाणे गा. त्याच ओघात आपल्याकडची मुले ‘पाहुण्यांना गाणं सांग’ किंवा ‘पाढे सांग’ असे म्हणून जातात. मराठीत जे पाठ असते किंवा चालीवर असते, ते ‘म्हणायचे’ असते: गाणे म्हणावे, आरती म्हणावी, पाढे म्हणावेत. जे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते आणि आपल्याकडून त्याच्याकडे जायचे असते, ते ‘सांगायचे’ असते: पत्ता, निरोप, गोष्ट, किंमत, कारण. सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या घरात हा फरक अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो. भटजी मंत्र ‘सांगतात’, यजमान त्यांच्यामागून तो ‘म्हणतो’, भटजी पुढे कथा ‘सांगतात’, शेवटी सगळे मिळून आरती ‘म्हणतात’, आणि हे सर्व चालू असताना मागच्या खोलीत ज्या दोघी जावा वरच्या पट्टीत ‘बोलत’ असतात, त्यांना कोणीतरी जाऊन ‘बोलते’.

या शेवटच्या दोन ‘बोलण्यां’तील अंतर विभक्तीने पडते, आणि ‘बोलणे’ नीट वापरण्याची खरी किल्ली तेथेच आहे. कोणाच्या तरी बरोबर संवाद होतो, तेव्हा त्या व्यक्तीला ‘शी’ हा प्रत्यय लागतो: मी तलाठ्यांशी बोललो, ती शेजारणीशी बोलत होती. खानापूरकडच्या खेड्यांत याला ‘त्याच्यासंगं बोललो’ म्हणतात, उत्तर कर्नाटकातील कन्नडमध्ये ‘अवन कूड माताडिदे’ म्हणतात, आणि अलीकडे ‘त्याच्यासोबत बोललो’ असेही सर्रास लिहिले जाते. परंतु लेखनात ‘शी’ सर्वांत नेमका आणि सर्वांत छोटा आहे. मनातले, कोणाला न सांगण्यासारखे काही बोलायचे असेल, तर ‘जवळ’ येते: तिने आपली अडचण कोणाजवळ बोलून दाखवली नाही. विषयाला ‘विषयी’, ‘बद्दल’ किंवा भाषणाच्या संदर्भात ‘वर’ लागते: ते उसाच्या दरावर बोलले. आणि व्यक्तीला ‘ला’ लागला, की संवाद संपतो आणि एकतर्फी झाडाझडती सुरू होते. ‘बाई मला बोलल्या’, ‘वडील त्याला बोलले’, ‘कोणाला उगाच बोलू नये’ या वाक्यांत रागावणे हा शब्द कोठेही नाही, तरी राग पुरेपूर आहे. याच अर्थाने ‘बोलणी खाणे’ आणि ‘बोलणी बसणे’ हे वाक्प्रचार झाले.

‘ला’ असूनही राग नसलेली एक रचना आहे आणि नवशिका तिथे घोटाळतो. ‘तुला बोलायचे आहे का?’ या वाक्यात ‘तुला’ म्हणजे ज्याला बोलण्याची इच्छा आहे तो, म्हणजे बोलणाराच. फोन पुढे करत असे विचारले, तर त्याचा अर्थ ‘घे, बोल’ एवढाच असतो. ‘मला तुझ्याशी बोलायचे आहे’ या वाक्यात ‘ला’ आणि ‘शी’ दोन्ही आपापल्या जागी बसलेले दिसतात. ‘मला तुला बोलायचे आहे’ असे मात्र कोणी लिहू नये; ते वाचून समोरचा माणूस भेटायला येण्याऐवजी टाळू लागेल.

एकाच विशेषणाबरोबर ‘बोलणे’ आणि ‘सांगणे’ घेऊन पाहिले, की दोघांचे स्वभाव वेगळे दिसतात. ‘खरे बोल’ ही शिकवण आहे, ती आयुष्यभरासाठी असते. ‘खरे सांग’ ही या क्षणाची मागणी आहे, कपाटातले पैसे कोठे गेले ते आत्ता कळले पाहिजे. म्हणून ‘खरे सांगू का?’ असा प्रश्न करून माणूस एखादी आतली गोष्ट उघड करतो. ‘खरे बोलू का?’ असे म्हटले, तर तो बहुतेक वेळा काहीतरी कडू ऐकवण्याच्या तयारीत असतो. ‘गोड बोलणे’ही असेच दुधारी आहे. संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे आपण म्हणतो आणि त्याच दिवशी शेजारच्या कन्नड घरातून ‘एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’ असे ऐकू येते, ज्याचा अर्थ तीळगूळ खाऊन चांगले बोला असा आहे. ‘बोला’ला ‘माताडि’ इतके चपखल बसते, याचा याहून चांगला दाखला मला सापडला नाही. परंतु संक्रांत ओसरली, की ‘गोड बोलून काम काढून घेतले’ किंवा ‘तो गोडबोल्या आहे’ असे म्हणताना त्याच गोडव्यावरचा विश्वास उडालेला असतो.

आता ‘म्हणणे’. कोणाचे शब्द जसेच्या तसे किंवा त्यांचा आशय पुढे द्यायचा असतो, तेव्हा लेखनात ‘म्हणणे’ वापरावे: तो म्हणाला, ‘‘मी उद्या येतो.’’ इंग्रजी माध्यमातून शिकलेली मुले हेच वाक्य ‘तो म्हणाला की तो उद्या येईल’ असे लिहितात. त्यात व्याकरणाची चूक दाखवता येत नाही, पण दुसरा ‘तो’ कोण, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात शिल्लक राहतो. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांना बोलणाऱ्याचे ‘मी’ तसेच ठेवण्याची सवय आहे. ‘नाळे बर्तीनि अंत हेळिदा’ हे कन्नड वाक्य आणि ‘उद्या येतो म्हणून सांगितलं’ हे आपल्या घरातले मराठी वाक्य शब्दाशब्दाला जुळते: ‘अंत’च्या जागी ‘म्हणून’ आणि ‘हेळिदा’च्या जागी ‘सांगितलं’. ‘की’ हा दुवा मराठीने फारसीकडून घेतला आणि तो लेखनात आता पक्का रुजला आहे. परंतु आधी मजकूर आणि मग ‘असे म्हणाला’ किंवा ‘म्हणून सांगितले’ ही रचना जुनी आहे, कानाला सोपी आहे आणि लांब वाक्यात तर फारच उपयोगी पडते. आपल्याकडच्या लोकांनी ती गावठी समजून टाकून देऊ नये.

दुसरा प्रश्न भूतकाळाचा आहे, आणि येथे कन्नडचा शेजार मदत करण्याऐवजी पाय ओढतो. कन्नडमध्ये भूतकाळी क्रियापद नेहमी कर्त्याच्या मागे जाते. त्या सवयीने आपल्या बोलीत ‘मी सांगितलो’, ‘तो सांगितला’, ‘मी काम केलो’ अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. घरात ती चालतात आणि चालावीत. माझी आजी आयुष्यभर तसेच बोलली आणि तिच्या बोलण्यात कोणाला काही उणे वाटले नाही. लेखनात मात्र ‘सांगणे’ भूतकाळात आले, की सांगणारा तृतीयेत जातो आणि क्रियापद सांगितलेल्या गोष्टीच्या मागे जाते: त्याने पत्ता सांगितला, त्याने गोष्ट सांगितली, त्याने नाव सांगितले. सांगणारी बाई असली, तरी क्रियापदात काही बदलत नाही: तिने पत्ता सांगितला, तिने गोष्ट सांगितली. चुकीचे मूळ ‘मी’ आणि ‘तू’ या दोन शब्दांत आहे, कारण तृतीयेतही ते बाहेरून तसेच दिसतात. ‘मी सांगितले’ यातला ‘मी’ पाहून मुलाला वाटते, की हा साधा कर्ता आहे, मग क्रियापद ‘सांगितलो’ का नको? अशा वेळी ‘मी’ काढून तेथे ‘तो’ घालून पाहावे. ‘तो’चे ‘त्याने’ करावे लागले, तर क्रियापदाला कर्त्याच्या मागे जाऊ देऊ नये.

या फरकाचे सर्वांत देखणे उदाहरण कर्नाटकातच दगडावर कोरलेले आहे. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी, ही मूर्ती गंग राजाचा मंत्री चावुंडराज याने करविली, ही एकच गोष्ट कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत सांगितली आहे. कन्नड ओळीत ‘श्रीचावुण्डराजं माडिसिदं’ असे आहे. तेथे चावुंडराज प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्या मागे आहे. मराठी ओळीत ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ असे आहे; तेथे चावुंडराज तृतीयेत गेला आहे आणि क्रियापद नपुंसकलिंगी झाले आहे. आजच्या मराठीत त्याचे ‘चावुंडराजाने करविले’ होते. इतक्या जुन्या काळी, कन्नडच्या अगदी शेजारी बसून कोरतानाही मराठीने आपली ही खोड सोडली नाही.

‘बोलणे’ मात्र या बाबतीत वेगळे आहे, आणि सीमाभागातील माणसाला तो दिलासा वाटावा. त्याला कर्म असो वा नसो, भूतकाळात ते कर्त्याच्याच मागे जाते: तो मराठी बोलला, ती मराठी बोलली, ते दोन शब्द बोलले, मुले खोटे बोलली. ‘त्याने बोलले’ किंवा ‘तिने बोलले’ असे अलीकडे छापलेलेही दिसते. ‘सांगितले’च्या नियमाचा तो नको तेथे केलेला वापर आहे आणि लेखनात तो टाळावा. शिकणे, विसरणे, पिणे ही क्रियापदेही अशीच चालतात: ती धडा शिकली, तो नाव विसरला, मूल दूध प्यायले. ‘म्हणणे’ दोन्ही दरडींवर पाय ठेवून आहे. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ यांत क्रियापद कर्त्याच्या मागे आहे; ‘त्याने आरती म्हटली’, ‘तिने श्लोक म्हटला’ यांत ते कर्माच्या मागे आहे. कोणाचे शब्द द्यायचे असतील, तर ‘म्हणाला’ घ्यावे आणि पाठ केलेले किंवा गायलेले काही असेल, तर ‘म्हटले’ घ्यावे, एवढे धोरण ठेवले, तर निभावते. ‘मी म्हटले, बसा’ हेही बरोबर आहे आणि ‘मी म्हणालो, बसा’ हेही.

आपल्याकडच्या बायकांच्या ‘मी बोललो’, ‘मी आलो’ या रूपांविषयी येथेच सांगायला हवे. कोल्हापूर आणि बेळगाव या पट्ट्यात स्त्रियाही स्वतःविषयी बोलताना पुल्लिंगी रूप वापरतात आणि त्यात काहीही विचित्र नाही. बाहेरून आलेला माणूस हसतो, ती त्याची अडचण. लेखनात स्त्रीने ‘मी बोलले’ असे लिहावे. पण कथेतला किंवा मुलाखतीतला संवाद लिहिताना शहापूरच्या आजीच्या तोंडी ‘मी बोललो’ असेच ठेवावे, तेथे ‘बोलले’ करून तिची भाषा इस्त्री करू नये. तीच गोष्ट ‘तो फोनवर बोलालाय’ या रूपाची; संवादात ते असू द्यावे, निवेदनात ‘तो फोनवर बोलत आहे’ असे लिहावे.

‘बोलणे’ला दुसरे क्रियापद जोडले, की अर्थाची छटा बदलते, आणि भूतकाळ कसा चालेल हे ते दुसरे क्रियापद ठरवते. ‘मी रागात बोलून गेलो’ म्हणजे तोंडून निसटले. ‘मी बोलून बसलो’ म्हणजे निसटले आणि आता निस्तरावे लागणार आहे; ‘मातु आडिदरे होय्तु, मुत्तु ओडेदरे होय्तु’ ही कन्नड म्हण अशाच वेळी आठवते, बोललेला शब्द आणि फुटलेला मोती दोन्ही गेले ते गेलेच. ‘जाणे’ आणि ‘बसणे’ कर्त्याच्या मागे जाणारी असल्यामुळे येथे ‘गेलो’, ‘बसलो’ झाले. परंतु ‘टाकणे’ आणि ‘दाखवणे’ तशी नाहीत, म्हणून ‘मी एकदाचे बोलून टाकले’ आणि ‘तिने खंत बोलून दाखवली’ असे होते. ‘बोलावणे’ हे क्रियापद ‘बोलणे’चेच भावंड असले, तरी भूतकाळात ते ‘सांगणे’च्या बाजूला जाते: मी डॉक्टरांना बोलावले, तिने भावाला बोलावले. आणि ‘मला बोलवत नाही’ यात कोणी कोणाला बोलावलेले नाही; गळा भरून आल्यामुळे किंवा घसा बसल्यामुळे बोलणे शक्य होत नाही, असा त्याचा अर्थ आहे.

नामे जवळून पाहण्यासारखी आहेत. ‘बोलणे’ एकवचनात असेल, तर ते नुसते बोलणे असते; ‘बोलणी’ झाली, की विषय गंभीर होतो. लग्नाची बोलणी, जमिनीची बोलणी, भावकीतल्या वाटणीची बोलणी: या सर्वांना कन्नडमध्ये ‘मातुकते’ म्हणतात, आणि ज्या घरांत मुलगी एका भाषेची आणि मुलगा दुसऱ्या भाषेचा असतो, तेथे बोलणी आणि मातुकते एकाच चटईवर बसून होतात. ती ‘होतात’, ‘अडतात’, ‘फिसकटतात’. बोलणी ‘करणे’ही चालते. याच्या उलट ‘बोलाचाली’ झाली म्हणजे भांडण झाले आणि त्यानंतर येतो तो ‘अबोला’. ‘त्यांच्यात बोलणे नाही’ असे वाक्य ऐकल्यावर दोघे मुके आहेत असे कोणी समजत नाही.

‘बोली’ या शब्दाला तीन अर्थ आहेत आणि तिन्ही आपल्या रोजच्या व्यवहारातले आहेत. एक भाषेचा: खानापूरची बोली, चंदगडी बोली. दुसरा लिलावाचा: गणपतीच्या प्रसादाचा नारळ लिलावात निघाला, की त्यावर बोली लागते आणि ती चढते. तिसरा अटीचा: ‘पावसाळ्याआधी रिकामे करून देईन, या बोलीवर खोली घेतली.’ तिसरा अर्थ नव्या पिढीच्या लेखनातून जवळजवळ गेला आहे. त्याच्या जागी आलेला ‘अट’ कोरडा आहे. ‘बोली’त दोघांनी तोंडाने कबूल केल्याचा ओलावा होता. ‘बोल’ हा शब्द आणखी निराळा: लहान मुलाचे बोबडे बोल, तबल्याचे बोल, आणि ‘कोणाला बोल लावणे’ म्हणजे दोष देणे.

नवस मात्र ‘बोलला’ जातो. सौंदत्तीच्या यल्लमाला मराठी माणूस नवस ‘बोलतो’ आणि माघी पौर्णिमेच्या जत्रेला जाऊन तो ‘फेडतो’. त्याच डोंगरावर शेजारी उभा असलेला कन्नड भाविक आपली ‘हरके’ अंगावर वाहून आणतो, कारण कन्नडमध्ये नवस ‘होत्तुकोळ्ळु’, म्हणजे उचलून अंगावर घेतात. म्हणून कन्नडमधून भाषांतर करताना ‘नवस उचलला’ असे लिहू नये, आणि ‘नवस सांगितला’ असेही नाही.

आज्ञार्थी ‘बोला’ हे एक वेगळेच प्रकरण आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला ‘बोला’ म्हणतो, तेव्हा तो गप्पांचे आमंत्रण देत नसतो, काय हवे ते विचारत असतो. फोन उचलून ‘हां, बोला’ म्हणणारा आपण ऐकत असल्याचे कळवतो. दिंडीत ‘बोला पुंडलिक वरदे’ असा पुकारा झाला, की सगळ्यांनी एका सुरात साथ द्यायची असते. ‘बोला की’ यात आपल्याकडचा ‘की’ आर्जव घालतो. वडीलधाऱ्यांकडे काही पोहोचवायचे असेल, तेव्हा ‘मी त्यांना बोलतो’ तर नकोच, पण ‘मी त्यांना सांगतो’ यातही कधी कधी तक्रारीचा वास येतो. तेथे ‘त्यांच्या कानावर घालतो’ हे सर्वांत सभ्य. मोठ्यांशी ‘एकेरी’ बोलणे ही बाब कन्नडमध्येही ‘नी’ (तू) आणि ‘नीवु’ (तुम्ही) यांच्यामुळे तितकीच जाणवते, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही.

शुद्धलेखनाचे तीन-चारच मुद्दे आहेत. ‘बोललो’, ‘बोलला’, ‘बोलली’ यांत दोन ‘ल’ लिहावेत, कारण पहिला धातूचा आणि दुसरा भूतकाळाचा असतो. ‘म्हणला’ असे न लिहिता ‘म्हणाला’ लिहावे. ‘म्हटले’ यावर अनुस्वार नाही, ‘म्हंटले’ कितीही वेळा दिसले तरी नाही. ‘सांगितले’ यातील ‘गि’ ऱ्हस्व आहे.

आता हे सर्व एका नमुन्यावर लावून पाहू. गल्लीतील गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त एखाद्या तरुणाने असे लिहिले आहे, असे समजावे: ‘अध्यक्ष बोलले की वर्गणी वाढवूया. खजिनदार अध्यक्षांना बोलले की आत्ता नको. कार्यवाहने मागचा हिशेब बोलला. मी सांगितलो की डॉल्बी नको. शेवटी सगळ्यांनी आरती सांगितली.’ पहिल्या वाक्यात अध्यक्षांचे शब्द दिले आहेत, म्हणून ‘वर्गणी वाढवावी, असे अध्यक्ष म्हणाले’ असे करावे. तिसऱ्यात हिशेब ऐकणाऱ्यांना माहीत नव्हता, तो त्यांच्यापर्यंत पोहोचवला, म्हणून ‘कार्यवाहांनी मागचा हिशेब सांगितला’. कागद हातात असेल, तर ‘वाचून दाखवला’ अधिक चांगले. चौथ्यात ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून पाहिले, की ‘त्याने’ हवा हे कळते, म्हणून ‘डॉल्बी नको, असे मी सांगितले’. पाचव्यात आरती पाठ आहे आणि चालीवर आहे, म्हणून ‘म्हटली’. राहिले दुसरे वाक्य. खजिनदारांनी शांतपणे मत दिले असेल, तर ‘आत्ता नको, असे खजिनदारांनी अध्यक्षांना सांगितले’ असे लिहावे. आणि ते अध्यक्षांना खरोखरच बोलले असतील, तर वाक्य आहे तसेच बरोबर आहे. फक्त ते इतिवृत्तात ठेवायचे की नाही, हे मंडळाने ठरवावे.